मानेचे स्थिर फ्रॅक्चर : पट्ट्यातले बारा आठवडे

मानेच्या मणक्याला फ्रॅक्चर आहे, पण ते स्थिर आहे, असे डॉक्टरांनी सांगितले की घरच्यांच्या कानात फक्त ‘स्थिर’ एवढाच शब्द उरतो. ऑपरेशन करायचे नाही, हातपाय हलत आहेत, माणूस बोलतो-चालतो आहे, तेव्हा प्रकरण किरकोळ असणार असे सगळ्यांना वाटू लागते, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात रुग्ण ‘जरा वेळ’ म्हणून पट्टा काढून आरशासमोर उभा राहतो. हा लेख मुख्यतः त्या ‘जरा वेळा’बद्दल आहे.

श्रावणात गणपतीच्या आरासेचे सामान माळ्यावरून काढताना मी स्टुलावरून पडले आणि मानेच्या सहाव्या मणक्याची पुढची कड दबली. त्यानंतरचे बारा आठवडे मी कडक पट्टा बांधून काढले. मी डॉक्टर नाही. इथे लिहिले आहे ते रुग्णालयात शिकवलेले, फिजिओथेरपिस्टने पुन्हा पुन्हा बजावलेले आणि घरी रोज करून पाहिलेले आहे. तुमच्या डॉक्टरांनी वेगळे सांगितले असेल तर तेच खरे मानावे, कारण तुमचे स्कॅन त्यांनी पाहिलेले आहेत.

स्थिर म्हणजे नेमके काय

मानेत सात मणके असतात. जिराफाच्या एवढ्या लांब मानेतही सातच असतात. त्यांच्या मधल्या पोकळीतून मज्जारज्जू खाली उतरतो आणि एका मणक्याला दुसऱ्याशी धरून ठेवण्याचे काम मजबूत अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट, करतात. हाडाला तडा गेला किंवा त्याची कड दबली, तरी तुकडे आपल्या जागेवरून फारसे सरकलेले नाहीत, अस्थिबंध शाबूत आहेत आणि मज्जारज्जूवर दाब नाही, अशी स्थिती असेल तर त्या फ्रॅक्चरला स्थिर म्हणतात. ते लहान आहे किंवा दुखत नाही, असा या शब्दाचा अर्थ होत नाही. हाडाला योग्य आधार मिळाला तर ते ऑपरेशनशिवाय जुळेल, एवढीच ग्वाही त्यात आहे, आणि ती आधाराच्या अटीवर दिलेली आहे.

स्थिर फ्रॅक्चरही सगळी सारखी नसतात. सातव्या मणक्याचा, मानेच्या पायथ्याशी हाताला लागणारा मागचा उंचवटा तुटला, तर ते बहुधा साधे प्रकरण असते. फावड्याने माती उपसणाऱ्या मजुरांना ते होत असे, म्हणून इंग्रजीत त्याला त्यांच्यावरूनच नाव पडले आहे. याउलट दुसऱ्या मणक्यावर दातासारखा एक सुळका असतो, ज्याभोवती पहिला मणका फिरतो आणि आपण ‘नाही’ म्हणताना मान हलवू शकतो. तो सुळका बुंध्याशी, मणक्याच्या मुख्य हाडात मोडला तर तिथले हाड सच्छिद्र आणि रक्ताने समृद्ध असल्यामुळे पट्ट्यात चांगले जुळते; पण तोच सुळका कमरेशी मोडला तर जुळायला फार कटकट करतो, विशेषतः उतारवयात. तुटलेले हाड बोटाच्या पेराएवढे आणि दोन तड्यांमध्ये अंतर काही मिलिमीटरचे, तरी उपचार वेगळा.

म्हणून घरी येण्याआधी डॉक्टरांना मोजके प्रश्न विचारून उत्तरे लिहून घ्यावीत. कोणता मणका आणि त्याचा कोणता भाग मोडला आहे? अस्थिबंध शाबूत असल्याचे एमआरआयवर पाहिले आहे का? पट्टा झोपेतही ठेवायचा का, आंघोळीला काढायचा का, आणि काढायचा असेल तर कोणत्या स्थितीत? पुढचा एक्स-रे कधी? पट्टा बांधून बसल्यावर किंवा उभे राहिल्यावर एक एक्स-रे काढतात तो झाला आहे का, हेही विचारावे. कारण आडवे असताना नीट दिसणारा मणका डोक्याचा भार पडल्यावर आणखी दबतो की काय, ते त्यातच कळते. डिस्चार्ज कार्ड, स्कॅनची सीडी आणि बिले एकाच पिशवीत ठेवावीत. रस्त्यावरचा अपघात असेल तर विम्यासाठी पोलीस आणि रुग्णालय यांच्या नोंदींच्या प्रती लागतात. कामगार विमा योजनेत नाव असेल तर आजारपणाच्या रजेचे पैसे मिळण्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र वेळेवर द्यावे लागते.

हाड आपल्या वेळेने जुळते

पहिल्या एक-दोन आठवड्यांत तुटलेल्या जागी रक्त साकळते आणि सूज येते. मग तिथे मऊ सांधा तयार होतो, म्हणजे कूर्चेसारखा, वाकवला तर वाकणारा. सहाव्या आठवड्याच्या आसपास त्यात चुना भरू लागतो आणि साधारण आठ ते बारा आठवड्यांत तो भार घेण्याइतका पक्का होतो. त्यानंतरही हाड आतून स्वतःला घडवत राहते. ते काम महिनोन्‌महिने चालते. मधुमेह, ठिसूळ हाडे, तंबाखू किंवा उतारवय असेल तर हे वेळापत्रक लांबते.

खरी अडचण अशी की दुखणे मात्र या वेळापत्रकाने चालत नाही. सूज उतरली आणि मऊ सांधा धरला की तीन-चार आठवड्यांत वेदना निम्म्याहून कमी होते. मला पाचव्या आठवड्यात एका सकाळी जाग आली तेव्हा काहीच दुखत नव्हते, आणि पहिला विचार मनात आला तो हाच की आता हा पट्टा कशाला. त्या सकाळी माझ्या मणक्यात जे काही होते ते कूर्चेहून फारसे कडक नव्हते. दुखणे थांबले याचा अर्थ हाड जुळले असा नव्हे, हे वाक्य फ्रिजच्या दारावर लिहून चिकटवावे. आमच्याकडे ते ह्यांनी खरोखरच चिकटवले होते.

पट्टा : बसवणे, स्वच्छ ठेवणे, सहन करणे

औषधांच्या दुकानात मिळणारा मऊ स्पंजाचा पट्टा आणि फ्रॅक्चरसाठीचा कडक, दोन भागांचा पट्टा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. मऊ पट्टा मान थांबवत नाही, तो फक्त ‘हळू’ अशी आठवण देतो. कडक पट्ट्याचा मागचा भाग डोक्याच्या पाठीमागच्या हाडाला आणि पुढचा भाग हनुवटीला व छातीला टेकतो. तो मापानेच घ्यावा लागतो. शेजारच्यांच्या काकांचा घरात पडून आहे म्हणून तो चालवू नये.

नीट बसलेल्या पट्ट्यात हनुवटी तिच्यासाठी केलेल्या खोबणीत मधोमध टेकते, नजर सरळ समोर जाते आणि दोन्ही बाजूंच्या वेल्क्रोच्या पट्ट्या सारख्याच लांबीवर चिकटतात. हनुवटी आत घसरून पट्ट्याची कड ओठाशी आली तर तो सैल आहे किंवा मोठा आहे. गिळताना त्रास होत असेल, जबडा उघडत नसेल किंवा चेहरा वर उचलला जात असेल तर घट्ट आहे किंवा उंच आहे. रुग्णालयात पट्टा योग्य बसवून दिला की दोन्ही बाजूंनी आणि समोरून मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत आणि वेल्क्रो जिथे चिकटते तिथे मार्करने रेघ मारावी. घरी आल्यावर ‘काल असाच होता का’ या वादात निम्मा दिवस जातो, तो या दोन गोष्टींनी वाचतो.

पट्ट्याखालची त्वचा ही या बारा आठवड्यांतली रोजची काळजी आहे. हनुवटी, कानांच्या मागची जागा, डोक्याचा मागचा उंचवटा आणि गळ्याखालची हाडे या जागी दाब पडतो, आणि आपल्याकडच्या घामात तिथे जखम व्हायला वेळ लागत नाही. रोज एकदा तिथे पाहावे. लाल झालेली जागा बोटाने दाबून सोडल्यावर फिकट पडत नसेल, किंवा दाब काढल्यावर अर्ध्या तासानेही लाली जात नसेल, तर ती जखमेची सुरुवात समजावी. सावळ्या त्वचेवर लाली दिसतेच असे नाही, तिथे आसपासच्यापेक्षा काळसर, गरम किंवा कडक लागणारी जागा शोधावी. अशी जागा सापडली तर आपल्या मनाने कापूस कोंबू नये, कारण त्याने दाब वाढतोच आणि पट्टाही वाकडा बसतो. पट्टा बसवून देणाऱ्याकडून तो पुन्हा बसवून घ्यावा.

अस्तर बदलणे हे दोन माणसांचे काम आहे, आणि ते रुग्णालयातून निघण्यापूर्वी नर्ससमोर एकदा स्वतः करून दाखवल्याशिवाय घरी करू नये. आमच्याकडे ते असे चाले. मी पलंगावर सपाट, उशीशिवाय, छताकडे बघत. ह्यांचे दोन्ही तळवे माझ्या कानांच्या दोन्ही बाजूंना, बोटे खाली मानेकडे, कोपरे गादीवर टेकलेली, म्हणजे हात थकत नाहीत. मग जाऊबाई वेल्क्रो सोडत. तो फर्रकन होणारा आवाज कानाशी फार मोठा वाटतो. पुढचा भाग निघाला की ओल्या, पिळलेल्या फडक्याने गळा आणि हनुवटी पुसायची, कोरड्या फडक्याने टिपायची, नवे अस्तर लावलेला भाग परत बसवायचा, आणि मगच संपूर्ण अंग एकसंध कुशीवर वळवून मागचा भाग. या सगळ्यात डोके धरणाऱ्याने बोलायचे, बाकीच्यांनी त्याच्या मोजण्यावर हलायचे. एकदा मधेच दाराची बेल वाजली आणि जाऊबाई सवयीने उठू लागल्या. ह्यांनी हात न हलवता त्यांना जे सुनावले ते इथे लिहिण्यासारखे नाही. बेल वाजू द्यावी.

अस्तराच्या दोन जोड्या घ्याव्यात. सौम्य साबणाने धुऊन, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढून, सावलीत पसरून वाळवाव्यात, पावसाळ्यात पंख्याखाली. इस्त्री किंवा गॅसजवळची ऊब देऊ नये. पट्ट्याखाली पावडर लावू नये, घामात तिचे गोळे होऊन तेच टोचतात. तेल-क्रीमने त्वचा मऊ पडून सोलते. पुरुषांनी दाढी वाढू देऊ नये. खुंट अस्तरात अडकून खाज येते, पण दाढी करायची ती वरच्याच पद्धतीने आडवे होऊन, दुसऱ्याने. बायकांनी अंबाडा किंवा मागची वेणी घालू नये, तिच्यावर पट्ट्याचा मागचा भाग उचलला जातो. केस डोक्यावर उंच किंवा एका बाजूला पुढे घेऊन बांधावेत. मंगळसूत्र, साखळी, कानातले झुमके काढून ठेवावेत. माझ्या सासूबाईंना मंगळसूत्राचे पटले नाही, तेव्हा ते मनगटाला दोन वेढे देऊन बांधले आणि प्रश्न मिटला.

झोपणे आणि उठणे

पाठीवर झोपावे. डॉक्टरांनी सांगितले असेल तेवढीच उशी घ्यावी, बहुतेकदा ती अगदी पातळ किंवा घडी केलेला टॉवेल एवढीच असते. मधे खोलगट झालेली खाट आणि जमिनीवरची गादी ही दोन्ही टाळावीत. पहिलीत पाठ वाकते, दुसरीवरून उठताना मानेला झटका बसतो. गुडघ्यांखाली उशी घेतली की कंबर सुटते.

उठण्याची रीत पहिल्याच दिवशी शिकून घ्यावी, कारण सरळ डोके उचलून उठण्याची सवय आयुष्यभराची असते आणि ती अर्धवट झोपेत परत येते. आधी दोन्ही गुडघे वाकवावेत. मग खांदे, कंबर आणि गुडघे एकाच वेळी, ओंडका लोटावा तसे, पलंगाच्या कडेकडे वळवावेत. डोके त्यांच्याबरोबर जाते, त्यांच्या आधी नाही. कुशीवर आल्यावर पाय कडेवरून खाली सोडावेत आणि त्याच क्षणी खालच्या कोपराने व वरच्या तळव्याने गादी रेटून बसावे. बसल्यावर एक मिनिट थांबावे. बरेच दिवस आडवे राहिल्यावर चक्कर येते, आणि या दुखण्यात दुसऱ्यांदा पडणे परवडणारे नाही. झोपताना हाच क्रम उलटा.

रात्री पाण्याचा तांब्या, मोबाइल आणि दिव्याचे बटण हाताच्या अंतरावर, कमरेच्या उंचीवर असावे. मान न वळवता जे दिसत नाही त्यासाठी माणूस अंधारात चाचपडतो.

जेवण, आंघोळ, संडास

पट्ट्यात ताट दिसत नाही. जमिनीवर मांडी घालून जेवायची पद्धत बाजूला ठेवावी, खुर्चीत ताठ बसावे आणि ताट दोन पुस्तकांवर किंवा उलट्या डब्यावर ठेवून छातीच्या उंचीला आणावे. घास लहान घ्यावेत. पहिले काही दिवस खिमट, मऊ भात, खिचडी, थालीपिठापेक्षा दशमी बरी. जबडा पूर्ण उघडत नाही आणि चावण्याचा आवाज पट्ट्यातून कानात घुमतो, त्याने जेवण नकोसे होते. ओठ न लावता वरून पाणी पिण्याची सवय ज्यांना आहे त्यांनी ती पूर्ण सोडावी, कारण त्यात मान मागे जातेच, स्ट्रॉ वापरावी. आडवे होऊन काहीही खाऊ-पिऊ नये आणि जेवणानंतर अर्धा तास बसून राहावे. वयस्कर माणसांत कडक पट्ट्यामुळे ठसका लागून अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका खरा आहे. वारंवार ठसका लागत असेल किंवा जेवणानंतर आवाज घरघरता येत असेल तर ते डॉक्टरांच्या कानावर घालावे.

आंघोळीसाठी प्लास्टिकचे रुंद, न घसरणारे स्टूल, आणि पाणी दुसऱ्याने खांद्यांच्या खालून घालावे. स्वतः बादलीत तांब्या बुडवायला वाकू नये. केस आठवड्यातून एकदा, पलंगाच्या कडेला आडवे होऊन, दोघांच्या मदतीने, आणि तेही डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर त्यावर ठेवायची खुर्ची भाड्याने मिळते. उकिडवे बसून उठताना पायाखालचे दिसत नाही, तोल जातो. उंबरठे, पायपुसणी, अंगणातले शेवाळ यांचाही विचार आधीच करावा. पट्ट्यातल्या माणसाला आपली पावले दिसत नाहीत, हे घरच्यांना दोन दिवसांतच विसरायला होते.

आणि कोणाच्याही पाया पडायला वाकू नये. गणपतीत घरी आलेल्या प्रत्येक वडीलधाऱ्यासमोर मी नुसते हात जोडले. कोणी रागावले नाही.

गोळ्या, आहार आणि तंबाखू

पहिल्या आठवड्यांत वेदनेची गोळी वेळेवर घ्यावी, सहन होईनासे झाल्यावर नव्हे. वेदनेने स्नायू आवळतात आणि आवळलेले स्नायू आणखी दुखतात. पॅरासिटामॉल प्रौढ माणसाला दिवसाला एकूण चार ग्रॅमपेक्षा जास्त होता कामा नये, यकृताचा त्रास किंवा अशक्तपणा असेल तर त्याहून कमी, आणि सर्दीच्या व वेदनेच्या अनेक मिश्र गोळ्यांत ते आधीच असते, हे पाकिटावर वाचून घ्यावे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या दुकानातून आपल्या मनाने आणू नयेत. हाड जुळण्यावर त्यांचा परिणाम होतो का याबद्दल डॉक्टरांमध्ये एकमत नाही, आणि पोट व मूत्रपिंडावर होणारा परिणाम तर माहीतच आहे. तीव्र वेदनाशामकांनी बद्धकोष्ठ होते आणि कुंथताना मानेत कळ येते, तेव्हा पाणी, पालेभाजी आणि लागल्यास इसबगोल पहिल्या दिवसापासून.

हाडासाठी प्रथिने, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व लागते. दूध-दही, नाचणीची भाकरी किंवा आंबील, तीळ, डाळी, अंडी, मासे, यांतले जे घरात खाल्ले जाते ते रोज थोडे जास्त खावे. ड जीवनसत्त्व कमी असेल तर डॉक्टर साठ हजार युनिटची पुडी देतात. ती बहुधा आठवड्यातून एकदा घ्यायची असते. रोजच्या गोळ्यांच्या डब्यात ठेवली की रोज घेतली जाते आणि रक्तातले कॅल्शियम वाढून नवेच दुखणे उभे राहते. पुडीवर वार लिहून ठेवावा.

तंबाखूबद्दल मात्र मऊ बोलण्यात अर्थ नाही. विडी, सिगारेट, मशेरी, गुटखा, कोणत्याही रूपातले निकोटीन रक्तवाहिन्या आकसते आणि हाड जुळायला उशीर लावते. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. टपरीवाल्यांना ती कळलेली दिसत नाही. निदान हे तीन महिने तरी पूर्ण बंद.

तातडीने रुग्णालय गाठायची लक्षणे

हातात किंवा पायात नव्याने मुंग्या, बधिरपणा किंवा अशक्तपणा येणे. बटण लावताना, पोळी मोडताना बोटे न ऐकणे. चालताना तोल जाणे. लघवी अडकणे किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणे. ही मज्जारज्जूवर दाब आल्याची चिन्हे असू शकतात. मानेच्या मणक्यांतल्या छिद्रांतून मेंदूकडे जाणाऱ्या दोन रोहिण्या वर चढतात, त्यांना इजा झाली असेल तर अचानक गरगरणे, दोन-दोन दिसणे, बोबडे बोलणे किंवा चेहऱ्याची एक बाजू ओघळणे असे दिसते. यांपैकी काहीही झाले, श्वास घ्यायला त्रास झाला किंवा नव्याने पडल्यावर मान जोरात दुखू लागली, तर पट्टा काढू नये, माणसाला रिक्षात बसवू नये, सपाट झोपवून १०८ ला फोन करावा. महाराष्ट्रात आणि गोव्यातही ही रुग्णवाहिका मोफत येते. कमी होत आलेली वेदना पुन्हा वाढू लागणे किंवा पट्ट्याखाली जखम होणे यासाठी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन पुरतो.

हालचाल, आणि पट्ट्यातून बाहेर येणे

विश्रांती म्हणजे पडून राहणे नव्हे. पट्टा बांधलेला असताना घरात, गॅलरीत, सोसायटीच्या आवारात दिवसातून तीन-चार वेळा दहा-दहा मिनिटे चालावे आणि हळूहळू वेळ वाढवावी. बसल्या जागी घोटे वर-खाली करावेत, खांद्याची पाती मागे जवळ आणून सोडावीत. दोन किलोपेक्षा जास्त वजन उचलू नये. भरलेली बादली, कुकर, नातू, तिन्ही त्यात येतात. हात खांद्याच्या वर नेऊन करायची कामे, म्हणजे दोरीवर कपडे वाळत घालणे किंवा वरच्या फळीवरचा डबा, दुसऱ्यांना द्यावीत. मोबाइल डोळ्यांच्या उंचीवर धरावा.

पट्टा कधी काढायचा हे एक्स-रे किंवा सीटी पाहून डॉक्टर ठरवतात. मान पुढे-मागे वाकवून काढायचा एक्स-रे याच टप्प्यावर असतो. तो त्यांच्या सांगण्यावरूनच, आणि जेवढी मान स्वतःहून वाकते तेवढीच वाकवून. परवानगी मिळाली तरी एका झटक्यात मोकळे होऊ नये. माझ्या फिजिओथेरपिस्टने पहिले दोन दिवस घरात बसलेले असताना एक-एक तास, मग दोन तास, असे करत दोन आठवडे घेतले. गर्दीत, प्रवासात आणि झोपताना पट्टा शेवटपर्यंत होता. पहिल्यांदा काढला तेव्हा डोके एखाद्या भरलेल्या कळशीसारखे जड लागले आणि मी दोन्ही हातांनी ते धरूनच बसले. बारा आठवडे आयते बसलेले स्नायू असेच वागतात. ती भीती हाड मोडण्याची खूण नाही.

व्यायाम सुरू होतो तो मान न हलवता. तळवा कपाळाला लावायचा, कपाळाने तळव्याला हलके रेटायचे, तळव्याने तेवढ्याच जोराने अडवायचे, पाच सेकंद, श्वास न कोंडता. मग डोक्याच्या मागे, मग दोन्ही बाजूंना. प्रत्येक दिशेला पाच वेळा पुरे. नंतर मान सावकाश वळवणे, दुखू लागेल त्याच्या अलीकडे थांबून. मान वळण्याचा साधारण निम्मा भाग पहिल्या दोन मणक्यांमध्ये होतो, त्यामुळे वरचे मणके मोडलेल्यांना पूर्वीइतके वळता येईलच असे नाही, खालचे मोडलेल्यांना मात्र बरेचसे परत मिळते.

या काळात मदतीला धावून येणाऱ्यांपासून जपावे लागते. हाडवैद्याकडे नेऊ पाहणारे नातेवाईक, तेल गरम करून आणणाऱ्या शेजारीण, केस कापून झाल्यावर सवयीने हनुवटीला हात घालून मान कटकन मोडणारा न्हावी. शेवटच्याला तर खुर्चीत बसण्याआधीच सांगावे. ताजे जुळलेले हाड आणि झटका यांची गाठ पडता कामा नये, मग झटका देणारा कितीही हातखंडा असलेला असो.

टेबलावरचे काम डॉक्टरांच्या संमतीने पट्ट्यातही सुरू करता येते. डोक्यावर घमेले, हंडा किंवा पोते वाहणाऱ्यांचा प्रश्न अवघड आहे, कारण त्यांच्या बाबतीत सगळा भार नेमका मोडलेल्या जागेवरून खाली उतरतो. हाड पक्के झाल्याचे स्कॅनवर दिसेपर्यंत आणि त्यानंतरही डॉक्टर स्पष्ट ‘हो’ म्हणेपर्यंत ते काम करू नये, आणि घरात पाणी भरणारी तीच असेल तर ते कोणी भरायचे हे पहिल्याच दिवशी ठरवावे. पट्टा असताना कोणतेही वाहन चालवू नये. पट्टा निघाल्यावर दोन्ही खांद्यांवरून मागे सहज बघता येऊ लागले की मोटार. दुचाकी सगळ्यात शेवटी, कारण तिच्यावर खड्ड्यांचे हिसके थेट मानेला बसतात आणि हेल्मेटचे एक-दीड किलो वजन त्यात मिळते. हेल्मेट जड होते म्हणून ते न घालता दुचाकीवर बसण्याचा मार्ग मात्र विचारातही घेऊ नये.

पट्टा निघाल्यावर तो धुऊन, वाळवून ठेवावा, पण ‘माझीही मान दुखते’ म्हणणाऱ्या कोणाला देऊ नये. माझा आता माळ्यावर आहे, आरासेच्या सामानाशेजारी. तो वर ह्यांनी ठेवला, शिडी लावून, आणि खाली शिडी धरायला थोरला मुलगा होता.